काढ्याचे चुकीचे प्रशस्तिपत्र

तमिळनाडूत तापाची साथ आली की सिद्धवैद्यकातील, म्हणजे तमिळ प्रदेशात वाढलेल्या पारंपरिक वैद्यकशाखेतील, दोन काढ्यांची नावे घरोघरी ऐकू येतात : निलवेम्बू कुडिनीर आणि कबसुर कुडिनीर. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीत पहिल्याचा बोलबाला झाला, २०१२ च्या डेंग्यूच्या वेळी राज्य सरकारने त्याच्या वाटपाला हातभार लावला, आणि २०२० मध्ये करोनाच्या काळात दुसऱ्याचे वाटप सरकारी यंत्रणेमार्फतच झाले. या काढ्यांच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद आता सर्रास केला जातो. त्यातील वनस्पती जिवाणूनाशक असल्याचे आधुनिक प्रयोगशाळांनी सिद्ध केले आहे. शिवाय तंजावरच्या सरफोजी राजांच्या धन्वंतरी महालात अशी औषधे दोनशे वर्षांपूर्वीच पारखून घेतली गेली होती. तेव्हा विज्ञान आणि परंपरा या दोघांचीही साक्ष एकच आहे, असा तो युक्तिवाद. ऐकायला तो भारदस्त आहे. परंतु त्यातील पहिली साक्ष प्रश्नाला सोडून आहे, दुसरी साक्षीदाराच्या तोंडी घातलेली आहे, आणि या दोहोंच्या आधारे काढ्याला जे प्रशस्तिपत्र दिले जाते ते त्या परंपरेच्याच मुळावर येणारे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम हे काढे काय आहेत ते पाहणे इष्ट. निलवेम्बू म्हणजे कोकणात ज्याला किराईत म्हणतात ती अतिशय कडू वनस्पती. तिच्यासह वाळा, विलामिच्चै नावाची सुगंधी मुळी, चंदन, सुंठ, मिरी, नागरमोथा, पर्पटक आणि कडू पडवळ अशी नऊ द्रव्ये पहिल्या काढ्यात असतात. दुसऱ्यात पंधरा द्रव्ये असून त्यांत सुंठ, पिंपळी, लवंग, अक्कलकारा, हिरडा, अडुळसा, ओव्याच्या पानांची वनस्पती, कोष्ठ, गुळवेल, भारंगी, नागरमोथा आणि पुन्हा किराईत यांचा समावेश होतो. दोन्ही काढे सिद्धवैद्यकात तापासाठी सांगितलेले आहेत. कबसुर हे तर कफप्रधान तापाचेच नाव आहे. म्हणजे ज्या शास्त्राने हे काढे घडवले त्याने त्यांना तापावरचे औषध म्हटले, जंतूंवरचे नव्हे. जंतूंचा संबंध त्यांच्याशी विसाव्या शतकात आणि बाहेरून जोडला गेला.

हा संबंध जोडताना पहिलीच गफलत होते ती रोगकारकाच्या जातीबाबत. जिवाणू हा एकपेशीय सजीव असतो. त्याला स्वतःचा पेशीपडदा, स्वतःचा चयापचय आणि स्वतःच्या बळावर विभागून वाढण्याची क्षमता असते, आणि प्रतिजैविके नेमक्या याच यंत्रणांवर घाव घालतात. विषाणूला यातले काहीच नसते. तो यजमानाच्या पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती काढून घेतो. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि करोना हे तिन्ही विषाणुजन्य रोग आहेत. त्यामुळे ज्या तीन साथींनी या काढ्यांना लोकप्रियता मिळवून दिली, त्या तिन्हींच्या बाबतीत काढा जिवाणूनाशक आहे की नाही हा प्रश्न मुळातच गैरलागू ठरतो. तरीही काढ्याची महती सांगताना जिवाणूंवरील प्रयोगांचे दाखले बिनदिक्कत दिले जातात, याचे कारण इतकेच की असे प्रयोग करायला सोपे, स्वस्त आणि विपुल आहेत.

ते इतके विपुल का आहेत हे त्यांच्या पद्धतीवरून कळते. अगर या समुद्रशेवाळापासून काढलेल्या पदार्थाचा पोषक थर काचेच्या थाळीत ओतून त्यावर जिवाणू पसरतात, थरात एक बारीक खड्डा पाडून त्यात वनस्पतीचा अर्क घालतात, आणि थाळी एक रात्र उबेत ठेवतात. सकाळी खड्ड्याभोवती जिवाणू न वाढलेले जे मोकळे वर्तुळ दिसते त्याला निरोधवर्तुळ म्हणतात, आणि त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजला की एक शोधनिबंध तयार होतो. या वर्तुळाचा आकार औषधाच्या सामर्थ्याबरोबरच ते औषध अगरमधून किती वेगाने झिरपते यावरही अवलंबून असतो, ही गोष्ट मात्र निबंधाच्या सारांशात सहसा येत नाही. पाण्यात सहज विरघळणारे लहान रेणू लांबवर पसरून मोठे वर्तुळ काढतात, तर तेलकट किंवा मोठ्या रेणूंचे एखादे प्रभावी द्रव्य खड्ड्याशीच अडकून राहते. म्हणून दोन वनस्पतींच्या वर्तुळांची तुलना करून एकीला श्रेष्ठ ठरवणे या पद्धतीत बसतच नाही. प्रतिजैविकांच्या बाबतीत वर्तुळाच्या व्यासाला अर्थ असतो तो केवळ त्यामुळे, की प्रत्येक औषधाच्या ठरावीक मात्रेच्या चकतीसाठी व्यास आणि रुग्णावरचा गुण यांचा मेळ आधीच घालून ठेवलेला असतो. काढ्यांसाठी असा मेळ कोणी घातलेला नाही.

त्याहून मोठा घोटाळा मात्रेचा आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या प्रमाणित चकतीत ५ मायक्रोग्रॅम औषध असते, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. शेजारच्या खड्ड्यात मात्र वनस्पतीच्या अर्काचे काही मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या हजारपट वजन, ओतले जाते आणि दोन्ही वर्तुळे जवळपास सारखी आली की अर्क प्रतिजैविकाच्या तोडीचा असल्याचे जाहीर होते. रिओस आणि रेसिओ या संशोधकद्वयाने २००५ साली औषधी वनस्पतींच्या जंतुविरोधी अभ्यासांचा आढावा घेताना, अर्काची मात्रा दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या वर आणि शुद्ध द्रव्याची ०.१ मिलिग्रॅमच्या वर असेल तर असे प्रयोग करूच नयेत, असा संकेत सुचवला होता. तो संकेत काटेकोरपणे पाळायचे ठरले तर काढ्यांच्या कैवाऱ्यांच्या हातातील पुष्कळशी कागदपत्रे गळून पडतील.

हा संकेत निव्वळ तांत्रिक नाही हे साध्या हिशेबाने दिसते. एका वेळच्या काढ्यात द्रव्यांचा एकूण विद्राव्य अंश १ ग्रॅम भरतो असे सढळ हाताने धरले, तो अंश आतड्यातून पूर्णपणे शोषला जातो आणि यकृत त्याला हातही लावत नाही असेही मानले, तरी ६० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरातील सुमारे ३६ लिटर पाण्यात तो पसरल्यावर दर मिलिलिटरला २८ मायक्रोग्रॅमच उरतो. सगळा रक्तातच राहिला असे धरले तरी आकडा २५० च्या पुढे जात नाही. थाळीवर वापरलेली मात्रा हजारांत असते. प्रत्यक्षातील स्थिती या कल्पित हिशेबापेक्षाही दुबळी आहे, कारण किराईतातील मुख्य कडू द्रव्य अँड्रोग्राफोलाइड हे २० मिलिग्रॅम पोटात घेतल्यावर रक्तात त्याची कमाल पातळी दर मिलिलिटरला सुमारे ०.४ मायक्रोग्रॅमच भरल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. यावर काढा घशाला आणि आतड्याला तर रक्तात न शिरताच लागतो, असा आक्षेप घेता येईल आणि तो निराधार नाही. परंतु घशाशी त्याची गाठ काही क्षणांचीच असते. आणि आतड्यात तो खरोखरच सरसकट जिवाणू मारत असेल, तर तेथे पचनाला मदत करणारे असंख्य उपकारक जिवाणूही त्यातून सुटणार नाहीत. ज्या गुणाची जाहिरात केली जाते तो गुण खरा निघाला तर रोज सकाळी काढा पिण्याचा सल्ला देणाऱ्यांनाच आधी चिंता वाटायला हवी.

द्रावकाचा, म्हणजे ज्यात वनस्पतीचा अंश उतरवला जातो त्या द्रवाचा, प्रश्न तर बहुतेकांच्या गावीही नसतो. आयुर्वेदाने कषायकल्पनेचे पाच प्रकार केले : पिळून काढलेला स्वरस, वाटून केलेला कल्क, उकळून आटवलेला क्वाथ, थंड पाण्यात भिजवलेला हिम आणि गरम पाण्यात चहासारखा मुरवलेला फांट. आयुर्वेदाचा ग्रंथकार शार्ङ्गधर याच्या मापानुसार क्वाथासाठी द्रव्याच्या सोळापट पाणी घेऊन ते अष्टमांश उरेपर्यंत आटवायचे असते. हे वर्गीकरण करणाऱ्यांना कृती बदलली की औषध बदलते हे पुरते ठाऊक होते. प्रयोगशाळेत मात्र अर्क काढला जातो तो बहुधा मद्यार्कात किंवा तत्सम द्रावकात, आणि पाण्यात कधीही न उतरणारी द्रव्ये त्यात उतरतात. निलवेम्बू कुडिनीरच्या डेंग्यू आणि चिकुनगुन्याच्या विषाणूंवरील परिणामाचा जो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि ज्याचा उल्लेख समर्थक अभिमानाने करतात, त्यातही पेशींवर वापरलेला अर्क मद्यार्कात काढलेला होता आणि ही गोष्ट निबंधाच्या शीर्षकातच नमूद आहे. काढा पिणारा मनुष्य मद्यार्क पीत नाही. उलट ओव्याच्या पानातील कार्व्हाक्रोल, तुळस आणि लवंगेतील युजेनॉल ही ज्या द्रव्यांची जंतुविरोधी ख्याती खरोखरच चांगली आहे, ती उडून जाणारी तेलद्रव्ये आहेत. उघड्या पातेल्यात काढा आटवताना घरभर जो वास दरवळतो तो त्यांच्या निघून जाण्याचाच वास असतो. म्हणजे सुगंधी तेलांवरचे चांगले निष्कर्ष आटवलेल्या काढ्याच्या नावावर जमा करणे हाही गैरव्यवहारच होय.

एवढे करूनही निष्कर्ष एकमुखी आहेत असे नाही. किराईतात जिवाणुविरोधी गुण आढळतच नाही असा निर्वाळा थायलंडमधील संशोधकांनी १९९० साली दिला, तर पश्चिम बंगालमधील संशोधकांनी २००३ साली त्याच वनस्पतीच्या पाण्यातील अर्कात असा गुण लक्षणीय असल्याचे लिहिले. वनस्पती कोणत्या मातीत वाढली, कोणत्या ऋतूत तोडली, किती दिवस साठवली, अर्क कसा काढला आणि जिवाणूंचा कोणता वाण घेतला, यांवर असा फरक पडणे स्वाभाविक आहे. मग कोपऱ्यावरच्या नाटुमरुंदु दुकानातून, म्हणजे काष्ठौषधींच्या दुकानातून, आणलेल्या पुडीबद्दल शास्त्राने शिक्कामोर्तब केले आहे असे कोणत्या आधारावर म्हणायचे, याचे उत्तर समर्थकांनी द्यायला हवे.

यावर दोन उत्तरे ठेवणीतली आहेत. पहिले असे की, एकेक द्रव्य दुबळे असले तरी नऊ किंवा पंधरा द्रव्ये एकत्र येऊन परस्परांचे बळ वाढवतात. हे अशक्य नाही. दारुहळदीच्या कुळातील वनस्पतींत बर्बेरिन हे पिवळे जिवाणुविरोधी द्रव्य असते, परंतु स्टॅफिलोकॉकस जिवाणू त्याला आपल्या पेशीतून पंपासारख्या प्रथिनाने बाहेर फेकतो. त्याच वनस्पतीत हा पंप बंद पाडणारे दुसरे द्रव्यही असल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी २००० साली दाखवून दिले. मात्र त्यांनी दोन्ही द्रव्ये वेगळी केली, ओळखली, एकत्र आणि स्वतंत्रपणे तपासली, म्हणून त्या परस्परसाहाय्याला पुराव्याचे मोल आले. शिवाय याच उदाहरणाने वनस्पतिज औषधांना जिवाणू सरावत नाहीत हा दुसरा लाडका समजही निकालात निघतो, कारण तो पंप म्हणजे जिवाणूने केलेला प्रतिकारच आहे.

दुसरे उत्तर थू यूयू यांच्या नावाने दिले जाते. चिनी परंपरेतील छिंगहाओ वनस्पतीतून हिवतापावरचे आर्टेमिसिनिन शोधून काढल्याबद्दल त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, मग निलवेम्बूबद्दल शंका का, असा सवाल असतो. परंतु ती कथा पूर्ण सांगितली तर काढ्याच्या बाजूने बोलत नाही. चौथ्या शतकातील एका ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घेण्यास सांगितली होती, उकळण्यास नव्हे. त्यावरून उष्णतेने गुण नष्ट होत असावा असे थू यांनी ताडले आणि १९७१ मध्ये कमी तापमानाला ईथरने अर्क काढल्यावरच यश आले. पुढे त्या द्रव्याची रुग्णांवर परीक्षा झाली. आजही जागतिक आरोग्य संघटना हिवतापावर आर्टेमिसिनिनयुक्त गोळ्यांची शिफारस करते आणि त्याच वनस्पतीचा चहा पिण्यास पाठिंबा देत नाही, कारण चहातील मात्रा अपुरी व अनिश्चित असते आणि अपुऱ्या मात्रेने परजीवी प्रतिकार शिकतात.

आता धन्वंतरी महालाची साक्ष. दुसरे सरफोजी (राज्यकाळ १७९८ ते १८३२) हे भोसले घराण्यातील राजे जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली शिकले, त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालयाची अपूर्व वाढ केली, देवी टोचण्याला प्रोत्साहन दिले आणि धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींच्या वैद्यांना एका छपराखाली आणले. तेथील औषधयोग तमिळ पद्यात रचले गेले आणि विसाव्या शतकात सरस्वती महालाने ते ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने रोगवार खंडांत छापले. हे सारे गौरवास्पद आहे आणि मराठी वाचकाला त्याची पुरेशी ओळखही नाही. पण त्यातून जिवाणूंविषयी काही सिद्ध होते असे मानणे म्हणजे कालगणनेशी भांडण मांडणे आहे. जिवाणूंमुळे रोग होतात हे पाश्चर आणि कॉख यांच्या कार्यातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रस्थापित झाले, तेव्हा सरफोजींना जाऊन अनेक दशके लोटली होती.

त्या महालाचे खरे वैशिष्ट्य निराळे आहे आणि ते समर्थकांच्या युक्तिवादात कुठेच येत नाही. सरस्वती महालात तत्कालीन नेत्ररुग्णांच्या नोंदी आहेत. त्यांत रुग्णाचे वर्णन, डोळ्याची अवस्था आणि उपचार लिहिलेले असून सोबत डोळ्यांची चित्रेही काढलेली आहेत. कोणता रुग्ण, काय तक्रार, काय केले आणि पुढे काय झाले, हे लिहून ठेवण्याची ही शिस्त त्या काळी युरोपातही सार्वत्रिक नव्हती. अर्थात नुसती नोंद पुरेशी नसते. पॅरिसच्या वैद्यांनीही पिढ्यान्पिढ्या रुग्ण पाहून रक्त काढण्याचा उपचार गुणकारी ठरवला होता. तेथीलच वैद्य पिएर लुई यांनी रुग्णांची गणती करून वेगवेगळ्या वेळी रक्त काढलेल्या रुग्णांची तुलना १८३५ मध्ये मांडली, तेव्हा त्या उपचाराची प्रतिष्ठा ढासळू लागली. तुलनेची ही पायरी धन्वंतरी महालाने गाठली नव्हती, म्हणून तेथील योगांना आजच्या अर्थाने सिद्ध म्हणता येत नाही. पण नजर रुग्णावर ठेवायची हे त्याला कळले होते. जे आज त्याचा वारसा सांगतात त्यांनी रुग्ण सोडून थाळी हाती घेतली आहे.

हा वाद केवळ पांडित्याचा राहिला असता तर त्यावर इतकी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीच्या प्रदेशात येणारा ताप डेंग्यूचा असू शकतो, तसाच तो लेप्टोस्पायरोसिसचा, विषमज्वराचा किंवा स्क्रब टायफसचाही असू शकतो, आणि हे तिन्ही जिवाणुजन्य आहेत. त्यांपैकी स्क्रब टायफस हा माइट या सूक्ष्म किड्याच्या अळीच्या चाव्यातून होतो. त्याचा जिवाणू माणसाच्या पेशींच्या आतच राहतो, अगरच्या थाळीवर तो वाढवताच येत नाही, आणि म्हणून थाळीवरचे कोणतेही वर्तुळ त्याच्याविषयी अवाक्षरही सांगू शकत नाही. त्याच्यावर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेवर दिले तर रुग्ण सहसा लवकर बरा होतो, आणि उशीर झाला तर प्राणावर बेतते. काढा जिवाणूनाशक आहे असे ज्याने ऐकले आहे तो नेमका अशाच तापात दोन दिवस अधिक वाट पाहील. काढा अपायकारक नसतो, घ्यायला हरकत काय, हे म्हणणेही निरपवाद नाही : २०२० च्या अखेरीस मुंबईतील यकृततज्ज्ञांना गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृतदाह आढळला आणि त्यांनी तो २०२१ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. गुळवेल हे कबसुर कुडिनीरच्या पंधरा द्रव्यांपैकी एक आहे.

या सगळ्याचा अर्थ काढे निरुपयोगी आहेत असा मात्र होत नाही, आणि तसे म्हणणारा दुसरा पक्षही पुराव्याला तितकाच पारखा आहे. थायलंडमध्ये १९९१ साली घसा सुजून ताप आलेल्या १५२ प्रौढांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून कोणाला पॅरासिटामॉल, कोणाला रोज ३ ग्रॅम आणि कोणाला रोज ६ ग्रॅम किराईत देण्यात आले. तिसऱ्या दिवशी ६ ग्रॅमचा गट ताप आणि घसादुखी यांच्या उतारात पॅरासिटामॉलच्या बरोबरीने होता आणि ३ ग्रॅमचा गट मागे होता. जिवाणू मेले का, हा प्रश्न या परीक्षेच्या केंद्रस्थानी नव्हता. तापावरचे औषध तापावर चालते का, हा शास्त्रकारांचाच प्रश्न तिने विचारला आणि त्याचे बऱ्यापैकी उत्तर मिळवले. ते चूर्णाबद्दलचे उत्तर आहे, नऊ द्रव्यांच्या काढ्याबद्दलचे नव्हे. तरी थाळीवरच्या शंभर वर्तुळांपेक्षा त्याचे वजन अधिक आहे.

अशा परीक्षेची मागणी करणे म्हणजे परंपरेचा द्रोह, असे वातावरण मात्र तयार झाले आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये अभिनेते कमल हासन यांनी संशोधन पूर्ण होईपर्यंत निलवेम्बू कुडिनीर वाटू नये असे आपल्या चाहत्यांना सांगितले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध पोलिसांकडे तक्रार देण्यापर्यंत मजल गेली. परीक्षेला पैसा कोठून आणायचा, ही सबबही टिकणारी नाही, कारण वाटपाला पैसा मिळतोच. तंजावरला १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे, आणि सिद्धवैद्यकाचा विभाग असलेले तमिळ विद्यापीठही त्याच शहरात आहे. पुढच्या पावसाळ्यात तेथे येणाऱ्या तापाच्या रुग्णांची डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस व स्क्रब टायफससाठी रक्ततपासणी करावी, ज्यांना प्रतिजैविकाची गरज आहे त्यांना ते विनाविलंब द्यावे, उरलेल्यांना त्यांच्या संमतीने दोन गटांत विभागून एका गटाला नेहमीच्या उपचारासह काढा आणि दुसऱ्याला त्याच रंगाचे व तितकेच कडू असे दुसरे पेय द्यावे, आणि ताप कोणत्या दिवशी उतरला, बिंबाणू म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी किती घटल्या, कोणाला दाखल करावे लागले व यकृताच्या चाचण्या कशा आल्या, हे कोणाला काय दिले ते माहीत नसलेल्या व्यक्तीने लिहून ठेवावे.